ताटातला दाह आणि गालातला दाह

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मुखेड तालुक्यातल्या एका वाडीवरचा तरुण आईला घेऊन ओपीडीत आला. आईचे वय पंचावन्नच्या आसपास. चार महिन्यांपूर्वी शहरात तिच्या स्तनाच्या गाठीचे ऑपरेशन झाले होते. त्यानंतर केमोथेरपी सुरू झाली, दोन डोस झाले आणि तिसऱ्या डोसची तारीख टळून गेली. आमच्याकडे ती आली होती चक्कर येते म्हणून. वजनकाट्यावर उभी केली, तर महिनाभरात सहा किलो उतरले होते. मी विचारले, काय खातात आई?

“साहेब, भाकर बंद केलीय. दूध बंद, गोड तर नावालाबी नाही. नुसती फळं अन् काढा चालू हाय. मोबाईलवर सांगायलेत की आपल्या खाण्यानं अंगात आग होते अन् त्या आगीवरच गाठ वाढते. आग बंद केली की गाठ वाळून जाते. मग त्या सुया कशाला म्हणलं.”

आई खाली बघत म्हणाली, “डॉक्टरसाहेब, भाकरीबगर झोपच लागंना गेलीय.”

पोरगा बेफिकीर नव्हता. आईसाठी जिवाचे रान करत होता. त्याने मोबाईलवर ऐकलेल्या गोष्टीतला एक धागा खराही होता. शरीरात दीर्घकाळ चालणारा दाह आणि कर्करोग यांचे नाते आहे, आणि रोजच्या खाण्याचा त्या दाहाशी संबंध आहे, हे आज विज्ञान मान्य करते. मात्र त्या एका खऱ्या धाग्याला चार खोटे धागे गुंडाळून त्याचा दोर केला जातो आणि तो दोर नेमका आजारी माणसाच्या गळ्यात पडतो. म्हणून आज हे धागे सुटे करून पाहू.

दाह म्हणजे नेमके काय?

शेतात पायात बाभळीचा काटा मोडला की तासाभरात ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. हाच दाह. जखमेच्या जागी रक्तपुरवठा वाढतो, पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू मारतात, मेलेला भाग साफ करतात आणि नवी कातडी भरू लागते. काम झाले की त्या परत जातात आणि सूज उतरते. हा दाह आपला मित्र आहे. तो नसता तर काट्याच्या जखमेनेही माणसे दगावली असती.

अडचण होते ती काटा आतच राहिला तर. पांढऱ्या पेशी तिथून हलत नाहीत. जंतू मारण्यासाठी त्या जी तीव्र रसायने सोडतात, ती आजूबाजूच्या चांगल्या पेशींनाही लागतात आणि त्यांच्या डीएनएला इजा करतात. दुसरीकडे, जखम भरून काढण्यासाठी ‘वाढा, वाढा’ असे संदेश सतत सुटत राहतात. इजा झालेला डीएनए आणि वाढण्याचा अखंड हुकूम हे दोन्ही वर्षानुवर्षे एकाच जागी राहिले, तर एखादी पेशी बिघडून बेलगाम वाढण्याची शक्यता वाढते.

रुडॉल्फ फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी पाहून १८६३ मध्येच दाह आणि कर्करोग यांचा संबंध सुचवला होता. १९८६ मध्ये अमेरिकेतील हॅरल्ड ड्वोरॅक यांनी कर्करोगाच्या गाठीला ‘न भरणारी जखम’ म्हटले. काही बाबतीत तर ‘आत राहिलेला काटा’ कोणता हेही सापडले. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठराच्या अस्तराला वर्षानुवर्षे दाह करतो. तो शोधून काढणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू जठराच्या कर्करोगाचे कारण आहे, हे त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले होते. कावीळ बी आणि सी यांचे विषाणू यकृतात हेच करतात.

म्हणजे ‘दाहावर गाठ वाढते’ या वाक्यात तथ्य आहे. पण जेवणाच्या ताटाचा त्यात वाटा किती?

ताटापासून दाहापर्यंतची वाट

पहिली वाट पोटावरून जाते, म्हणजे पोटाच्या घेरावरून. खर्च होतात त्यापेक्षा जास्त उष्मांक रोज पोटात गेले की चरबीच्या पेशी फुगतात. पोटाच्या आतली चरबी ही गोदामात पडून राहिलेल्या पोत्यासारखी निपचित नसते. फुगलेल्या पेशी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडत राहतात. हा दाह ठणकत नाही, तापही आणत नाही. सीआरपीसारख्या रक्ततपासणीत तो थोडासा दिसतो एवढेच. सोबत रक्तातले इन्सुलिन वाढते आणि तेही पेशींना वाढीचा संदेश देते. २०१६ मध्ये याच कर्करोग संशोधन संस्थेने अतिरिक्त वजनाचा संबंध १३ प्रकारच्या कर्करोगांशी जोडला. त्यात मोठे आतडे, गर्भाशयाचे अस्तर, यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग येतो.

दुसरी वाट मोठ्या आतड्यातली. धान्याचा कोंडा, डाळी, भाज्या यांतला तंतू आपल्याला पचत नाही, तो आतड्यातल्या जिवाणूंचे अन्न असतो. त्यावर जगून ते ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे ते मुख्य इंधन, आणि ते दाह आवरतेही. तंतू मिळाला नाही की ब्युटिरेट घटते.

तिसरी वाट थेट इजेची. दारूपासून शरीरात तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड डीएनएला इजा करते. देशी असो की विदेशी, फरक पडत नाही. खारवून किंवा रसायने घालून टिकवलेले मांस, म्हणजे सॉसेज, सलामी वगैरे, २०१५ मध्ये कर्करोगकारक ठरवले गेले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेला आढळतो. आपल्याकडे असे मांस अजून फारसे खाल्ले जात नाही. अधूनमधून घरी केलेल्या मटणाच्या रश्श्याला त्याच्या रांगेत बसवू नये.

आकडे काय म्हणतात?

ताट किती ‘दाहक’ आहे हे मोजायचे कसे? २०१४ मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठात नितीन शिवप्पा, जेम्स हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १,९०० शोधनिबंध चाळून आहारातल्या ४५ घटकांना गुण देण्याची एक पद्धत मांडली. तंतू, हळद, लसूण, आले, कांदा, चहा हे दाह कमी करणाऱ्यांच्या बाजूला आले. संपृक्त चरबी आणि ट्रान्स फॅट दुसऱ्या बाजूला.

यानंतर दुसऱ्या एका, पण याच जातीच्या, गुणपद्धतीने केलेला मोठा अभ्यास २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सुमारे १ लाख २१ हजार परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांचा २६ वर्षे मागोवा घेतला होता. या काळात २,६९९ जणांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. वय, धूम्रपान वगैरे गोष्टी हिशेबात धरल्यावर सर्वांत दाहक आहार असलेल्या पुरुषांत धोका ४४ टक्क्यांनी, तर स्त्रियांत २२ टक्क्यांनी जास्त दिसला.

४४ टक्के म्हटले की छातीत धस्स होते. म्हणून हाच आकडा दुसऱ्या बाजूने पाहू. सर्वांत कमी दाहक आहार घेणाऱ्या एक लाख पुरुषांत वर्षाला ११३ जणांना हा कर्करोग झाला, सर्वांत जास्त दाहक आहारवाल्यांत १५१ जणांना. लाखामागे ३८ जास्त. गावाच्या, जिल्ह्याच्या हिशेबात हा फरक मोठा. पण ‘अमुक खाल्ले म्हणून मला कर्करोग झाला’ असे एका माणसाला सांगण्याइतका तो नाही.

या गुणपद्धतीतली एक गंमतही सांगायला हवी. त्यात टोमॅटो दाहकांच्या यादीत आला, आणि पिझ्झा, वाईन, बिअर हे दाह कमी करणाऱ्यांच्या यादीत! कारण ही यादी अमेरिकी परिचारिकांच्या रक्ततपासण्या आणि त्यांचे खाणे जुळवून तयार झाली होती. तिकडे पिझ्झा कोण खाते, कशासोबत खाते, बाकी कसे जगते, हे सगळे त्या आकड्यात मिसळलेले असते. म्हणून एखादा पदार्थ ‘दाहक’ की ‘दाहशामक’ अशा ज्या याद्या मोबाईलवर फिरतात, त्या आपल्या ताटाला जशाच्या तशा लागू होत नाहीत. ताट पूर्ण पाहावे लागते.

पूर्ण ताट बदलले तर काय होते, याचा एक सुंदर प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पिट्सबर्ग विद्यापीठाचे स्टीफन ओकीफ आणि सहकाऱ्यांनी २० आफ्रिकी-अमेरिकी आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातली २० माणसे निवडली. आफ्रिकी-अमेरिकींमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग खूप, खेड्यातल्या आफ्रिकींमध्ये अगदी कमी. दोन आठवडे दोघांच्या ताटांची अदलाबदल केली. अमेरिकींना भरपूर तंतू आणि कमी चरबीचे गावठी जेवण, खेडुतांना चरबीचे आणि तंतू नसलेले अमेरिकी जेवण. अवघ्या दोन आठवड्यांत अमेरिकींच्या आतड्यातला दाह उतरला आणि ब्युटिरेट वाढले. खेडुतांच्या आतड्यात नेमके उलटे झाले. दोन आठवड्यांत कर्करोग होत नाही आणि जातही नाही, हे खरे. पण आतडे ताटाकडे किती लवकर लक्ष देते, ते यातून कळले.

आपल्याकडचा पुरावा: बार्शी आणि मुंबई

हे झाले परदेशातले. आपल्या राज्यातही तुलनेची एक जागा आहे. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कर्करोगाच्या रुग्णांची लोकसंख्येनुसार नोंद ठेवायला सुरुवात केली. देशातली ती पहिली नोंदणी. आपल्या मराठवाड्यात औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, अशी नोंद १९७८ पासून सुरू झाली. पण या सगळ्या शहरांच्या नोंदी. खेड्यातल्या माणसाला कोणता कर्करोग होतो हे कुणालाच नीट ठाऊक नव्हते. १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या सहकार्याने देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू केली. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे त्यात होती. परंडा आणि भूम म्हणजे आपलाच धाराशिव जिल्हा.

त्या नोंदींतून दिसले की खेड्यात मोठ्या आतड्याचा आणि स्तनाचा कर्करोग मुंबईपेक्षा बराच कमी आहे. मुंबईत मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी. आणि भारतातून इंग्लंड-अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्यांत तो भारतातल्यांपेक्षा जास्त. आपल्या रक्ताचीच माणसे, पण गाव, शहर, परदेश अशी पायरी चढत गेली की हा कर्करोग वाढतो. यात अनुवंशाने फारसे काही बदललेले नाही, राहणीमान बदलले आहे.

हे सगळे भाकरीमुळेच, असे म्हणण्याचा मोह होतो. पण डॉक्टरने तो आवरायला हवा. खेड्यात अंगमेहनत जास्त, वजन कमी, मुले लवकर होतात आणि अंगावर पाजलीही जातात, ज्यामुळे स्तनाच्या कर्करोगापासून थोडे संरक्षण मिळते. काही रुग्णांचे निदानच होत नाही, हाही भाग असतो. आहार हा या गाठोड्यातला एक महत्त्वाचा जिन्नस आहे, पूर्ण गाठोडे नाही.

आपले ताट कुठे बदलले?

आमच्या लहानपणी या भागातले साधे ताट म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचे किंवा मुगाचे वरण, एखादी पालेभाजी, जवसाची किंवा कारळाची चटणी, कांदा आणि ताक. पालेभाजीत अंबाडी, चुका, शेपू, तांदुळजा, घोळ, कोवळी करडई, पाथरी, जे बांधावर मिळेल ते. कुणी त्याला ‘दाहशामक आहार’ म्हटले नाही. गरिबाचे जेवण म्हटले.

आज त्या ताटाकडे पाहिले तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाच्या ते बरेच जवळ जाते. ताटाचा साधारण निम्मा भाग भाज्या-फळांचा, उरलेल्यात धान्य आणि डाळी, थोडे तेलबियांचे पदार्थ, असे ती संस्था सांगते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतो, मैद्यात ३ ग्रॅमही नाही. घरी दळलेल्या गव्हाच्या पिठातही तंतू ज्वारीइतकाच असतो, तेव्हा पोळीने काही बिघडत नाही. बिघडते मैद्याने. जगभरचे अभ्यास एकत्र पाहता, कोंड्यासकटच्या धान्याचे पदार्थ रोज ९० ग्रॅम खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी कमी दिसतो. हे अभ्यास प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या गहू, राय, ओट यांचे आहेत. पण तंतूचे काम ज्वारीतही तेच.

त्या जुन्या ताटात उणिवा होत्या, हेही विसरू नये. दुष्काळात पालेभाजी नसायची, डाळ पातळ व्हायची, बाईच्या वाट्याला उरलेसुरले यायचे. रक्तक्षय घराघरात होता, आजही आहे. तेव्हा ‘जुने ते सगळे सोने’ असे माझे म्हणणे नाही.

पण गेल्या तीस वर्षांत काय झाले ते पाहा. ज्वारीच्या रानात सोयाबीन आले. सोयाबीनने हातात पैसा दिला, हे चांगलेच झाले. पण ज्वारी घरची होती ती विकतची झाली, आणि रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यावर चुलीवरची भाकरी कमी झाली. बांधावरची भाजी तणनाशकाने गेली. सकाळी चहासोबत खारी-टोस्ट, दुपारी फाट्यावर भजी किंवा वडापाव, पोराच्या हातात पाच-दहा रुपयांचे चिप्सचे पाकीट, पाहुणा आला की थंड पेयाची बाटली. शेतातली बरीच कामे ट्रॅक्टरने होतात, कोपऱ्यावरच्या दुकानालाही मोटारसायकल लागते. ओपीडीत रक्तदाब-मधुमेहाच्या रांगेत आता चाळिशीतले शेतकरी उभे असतात. दाहाची वाट याच रांगेतून जाते.

इथे तेलाबद्दल एक खुलासा. करडई, सूर्यफूल यांसारख्या बियांच्या तेलाने अंगात दाह होतो, असे व्हिडिओ सध्या खूप फिरतात. माणसांवर झालेल्या प्रयोगांत तसे आढळलेले नाही. करडईचे तेल आपल्या भागात पिढ्यान्पिढ्या खाल्ले गेले, ते बेतानेच खावे. टाळायचे ते कढईत दिवसभर पुन्हा पुन्हा उकळून काळे झालेले तेल.

हळदीच्या गोळ्या घ्याव्यात का?

वसमतची हळद देशभर जाते. नांदेड, हिंगोली, परभणीच्या शेतकऱ्याला हळदीचा अभिमान असावाच. हळदीतले कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या बशीत दाह कमी करते, हेही खरे. पण बशी आणि माणूस यांत अंतर आहे. हळद पावडरीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के, आणि पोटात गेलेल्यापैकी फारच थोडे रक्तात पोचते. कर्क्युमिनने कर्करोग टळतो किंवा बरा होतो, असे माणसांवरच्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. रोजच्या भाजी-वरणात हळद घालत राहावे, ते चांगलेच. पण दाट अर्काच्या महागड्या गोळ्यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमोथेरपी चालू असताना अशा गोळ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना न विचारता घेणे धोक्याचे.

अन्नातला चांगला घटक गोळीत भरला की तो तितकाच चांगला राहतो, असे नसते. गाजर-पालेभाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांची चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला. गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी तर झालाच नाही, उलट १८ टक्क्यांनी वाढला.

सर्वांत मोठा दाह गालात

आता मुख्य गोष्ट. एखादे गृहस्थ मला विचारतात, “साखर सोडू का? गहू सोडू का?” आणि विचारताना त्यांच्या गालात बार भरलेला असतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी साधारण चारातला एक जण तंबाखू वापरणारा निघाला, आणि त्यात बहुतेक जण न ओढता खाणारे किंवा लावणारे. आपल्याकडे बाया मिश्री लावतात, तीही तंबाखूच.

तंबाखू, चुना आणि सुपारी गालात धरली की त्या जागी रोज तासन् तास इजा आणि दाह. हाच तो आत राहिलेला काटा, फरक इतकाच की तो आपण रोज हाताने ठेवतो. सुपारीने गालाच्या आतली कातडी घट्ट, पांढरट होत जाते, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासे होते. विशी-पंचविशीतली पोरे दोन बोटेही तोंडात जात नाहीत म्हणून येतात. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे २००४ मध्येच जाहीर झाले आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात, ते शाळेच्या पोरांनाही ठाऊक असते.

अमेरिकेतल्या त्या अभ्यासात दाहक आहाराने धोका दीडपटीच्याही आत वाढला होता. तंबाखू खाणाऱ्याला तोंडाच्या कर्करोगाचा धोका न खाणाऱ्याच्या कित्येक पट असतो. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी तंबाखू-सुपारी, मग दारू, मग पोटाचा घेर, आणि मग ताटातली सुधारणा. गहू सोडून तंबाखू चालू ठेवणे म्हणजे दार सताड उघडे टाकून खिडकीला कडी लावणे.

तंबाखू सोडायला मदत लागते, आणि ती मागण्यात कमीपणा नाही. १८००-११२-३५६ या मोफत क्रमांकावर सरकारी समुपदेशक बोलतात. सरकारी दवाखान्यातही विचारा.

आजार झाल्यावरचा आहार वेगळा

आता त्या माउलीकडे परत येऊ. कर्करोग टाळण्यासाठीचा आहार आणि कर्करोग झाल्यावरचा आहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेमकी इथेच त्या तरुणाची गल्लत झाली होती.

कर्करोगाच्या पेशी साखर भरपूर वापरतात, हे खरे. पण आपण साखर बंद केली म्हणून त्यांची उपासमार होत नाही. आपण खाल्ले नाही, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून यकृतात साखर तयार करते आणि रक्तात सोडते. गाठीला तिचा वाटा मिळतोच, झिजतो तो माणूस. वजन उतरले की केमोथेरपी सोसत नाही, पांढऱ्या पेशी पडतात, डोस पुढे ढकलावे लागतात. आणि दाह शमवून गाठ वाळवणारा आहार आजवर कुणी सिद्ध केलेला नाही.

मी त्याला आईसमोर बसवले आणि भाषण न देता यादी लिहून दिली. भाकरी चालू करा, मऊ हवी तर दुधात कुस्करून. वरण घट्ट करा. अंडे चालत असेल तर रोज दोन. चटणीत शेंगदाणा, जवस. थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा. भाजी स्वच्छ धुऊन, शिजवून. मधुमेह नाही, तर चहातल्या साखरेवरून भांडू नका. आणि सर्वांत आधी तिसरा डोस. ऑपरेशन झाले होते तिथे मी स्वतः फोन लावला आणि नवी तारीख घेतली. पैशाचा प्रश्न महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत सुटत होता, तोही त्याला पुरता माहीत नव्हता.

तो म्हणाला, “साहेब, मी तर चांगल्यासाठीच केलो होतो.” मला ते मान्य होते. घरोघरी असेच होते. आजाराने हातातले सगळे काढून घेतले की ताट तेवढे आपल्या हातात उरते, आणि माणूस तेच घट्ट धरतो.

घरी काय करता येईल?

एक मोजपट्टी घ्या आणि बेंबीच्या रेषेत पोट मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर असेल तर तो कमी करणे हाच खरा ‘दाहशामक’ उपाय. रोज अर्धा तास तरी झपाट्याने चाला. दिवसातल्या एका जेवणात भाकरी परत आणा. ताटात एक पालेभाजी आणि एक डाळ रोज असू द्या. खारी, टोस्ट, चिप्स, थंड पेय हे सणासुदीला ठेवा. बुरशी आलेले शेंगदाणे किंवा काळवंडलेली ज्वारी गरिबीपोटीही खाऊ नका. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे.

आणि कितीही चांगले खाल्ले तरी तपासणी टाळू नका. धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि इतर संस्थांसह १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास केला होता. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये त्यातून जगाला कळले. तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, स्तनातली न दुखणारी गाठ, पाळी गेल्यानंतर अंगावर जाणारे रक्त, शौचातून रक्त, घास अडकणे, यांतले काहीही असेल तर काढा घेत बसू नका. सरकारी दवाखान्यात या.

दिवाळीनंतर ती आई पुन्हा आली. पाचवा डोस झाला होता. डोक्याला पदर घट्ट बांधलेला, पण वजन चार किलोने परत वाढलेले. पुढे काय होईल, ते मी सांगू शकत नाही, आजार अजून तिच्यासोबत आहे. पोराने खिशातून मोबाईल काढला, तेव्हा मला वाटले आता नवा व्हिडिओ. त्याने सहाव्या डोसची तारीख दाखवली. आई म्हणाली, “भाकर खायलेव साहेब, दोन टाइम.”